फोटोत काही न्हाई

आमच्याकडं एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नसे, फोटो म्हणायचे. आणि तो फोटो काढणारे म्हणून माझे वडील अख्ख्या परळीत ‘फोटोवाले आण्णा’. एकदा ऐन लग्नसराईत खेड्यातली दोन माणसं पत्ता विचारत घरी आली आणि नवरदेव-नवरीचे फोटो काढायचेत म्हणाली. आण्णांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि मग म्हणाले, “काढतो की. पण माझ्या फोटोत नुसती हाडंच येतेत, चालंल का?” ती माणसं अर्धा चहा टाकून उठली, असं माय पुढं कितीतरी वर्षं सांगायची आणि दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची.

आण्णा स्टेशनजवळच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला होते. त्याच आवारात, मागच्या अंगाला, दवाखान्याच्या डॉक्टरांनी आम्हाला दोन खोल्या राहायला दिल्या होत्या. त्यामुळं आमच्या घरात भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू यायचं आणि भिंतीअलीकडून मायचं भाकरी थापणं. कोळशाच्या वाघिणी रुळांवरून जायला लागल्या की मांडणीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून वाजायचे. वीज केंद्राकडून वारा सुटला की दोरीवरचे कपडे राखाडी व्हायचे; माय ते दोनदा झटकून घरात घ्यायची, तरी शाळेचा पांढरा ब्लाऊज कधी पांढरा म्हणून राहिला नाही. आण्णा घरी आले की त्यांच्या अंगाला हायपोचा आंबूस वास यायचा. फोटो धुवायचं ते पाणी. त्यात बुडून बुडून त्यांच्या उजव्या हाताची नखं तपकिरी झाली होती. साबण लावून, लिंबू चोळूनही ती उजळत नसत. जेवताना त्या नखांनी ते भाकरीचा तुकडा मोडायचे, येसराच्या आमटीत बुडवायचे आणि दिवसभरात कोणाचं काय मोडलं ते सांगायचे.

त्यांचा एक नियम होता. पडलेले, आपटलेले, एसटीतून घसरलेले लोक तर यायचेच, पण भांडण करून केस लावायची म्हणून, नाहीतर कामावर सुट्टी पाहिजे म्हणूनही लोक यायचे आणि हळूच म्हणायचे, आण्णा, बारीकसं काहीतरी दाखवा. आण्णा त्यांना ओला फोटो खिडकीसमोर धरून दाखवायचे. “मोडलं असंल तर दिसंल. दिसत न्हाई म्हंजे न्हाई. मी का हाडात रेघ ओढू?” या बाबतीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही आणि गावात त्यांना मान होता तो याच कारणानं. आमच्या घरातही तोच कायदा. लहानपणी शाळा बुडवायला मी पोट धरून बसले की ते म्हणायचे, “चल, फोटो काढू.” मी मुकाट्यानं दप्तर उचलायची.

दहावीच्या वर्षी मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. पळतीत, म्हणजे समोरच्या संघाला चुकवत पळण्यात, माझा नंबर पहिला. आम्हाला शिकवायला नागरगोजे सर. उंच, काटक, गळ्यात शिट्टी, आणि एकच ध्यास : परळीच्या मुलींनी बीडला जिल्ह्याचा सामना मारायचा. ते वाईट माणूस नव्हते हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होईल. श्रावण लागला तसा त्यांनी सराव दुप्पट केला. आधी फक्त शाळा सुटल्यावर असायचा, तो आता पहाटेही सुरू झाला. मैदान म्हणजे राखेचं भरण टाकून वर मुरूम दाबलेला. पावसानंतर दोन दिवस ऊन पडलं की ते सिमेंटसारखं व्हायचं. पायात कॅनव्हासचे पातळ बूट, तेही निम्म्या मुलींकडं, बाकीच्या अनवाणी. सर म्हणायचे, “अंग हलकं पायजे. भाकर अर्धी करा.” मी अर्धी केली. शिवाय संघात निवड व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. वैजनाथाच्या पायथ्याशी राहायचं आणि सोमवार धरायचे नाहीत, असं कसं? सोमवारी दिवसभर काही नाही, दोन्ही वेळचा सराव मात्र तसाच. मला त्याचा अभिमानच वाटायचा. फ्रॉक सैल झाला, गालफडं वर आली, शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी कशी शेलाटी झाली. आणि त्या तीन महिन्यांत माझी पाळी आली नाही. मला वाटलं, बरं झालं, सराव बुडत नाही. मी कुणाला बोलले नाही. आमच्या घरी त्या दिवसांत बाजूला बसायची रीत होती, मी बसत नव्हते, तरी माय काही विचारत नव्हती. तिच्या लक्षात आलं नसेल असं मी समजून चालले.

गणपतीच्या सुमाराला डावा पाय दुखायला लागला. पडले नाही, मुरगळला नाही, कुणाचा पाय पडला नाही. पहिले दोन-तीन दिवस सराव संपता संपता दुखायचा आणि सकाळपर्यंत थांबायचा. मग सरावाच्या सुरुवातीलाच दुखायला लागला. मग शाळेच्या जिन्यावर. पायाच्या वरच्या बाजूला थोडी सूज, बुटाची नाडी बांधताना टोचायची. आणि एक गोष्ट मला तेव्हाही कळली होती, फक्त तिचा अर्थ कळला नव्हता : दुखणं पायभर नव्हतं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मागं, पंजाच्या मधोमध, एका बोटाच्या टोकाखाली झाकेल एवढी जागा होती. तिथं दाबलं की डोळ्यांसमोर काजवे. अर्धा इंच अलीकडं-पलीकडं दाबलं तर काही नाही.

पुढं मी स्वतः शाळेत खेळ शिकवला, गेवराई तालुक्यात, तलवाड्याला, निवृत्त होईपर्यंत. मुरगळलेला पाय आणि असा पाय यांतला फरक मला एका मिनिटात कळतो. मुरगळलेल्याला कधी आणि कसा ते सांगता येतं. या पोरींना सांगता येत नाही. त्या म्हणतात, “काय झालं न्हाई मॅडम, आपोआपच दुखायलंय.” मी विचारते, सराव कधी वाढवला? बूट कधी बदलले? जेवतेस किती? पाळी येते का? आणि मग अंगठ्यानं एकेक हाड दाबत जाते. पण हे सगळं आता. त्या वेळी मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या घरात हाडांबद्दलचा शेवटचा शब्द माझ्या वडिलांचा होता.

आठ दिवसांनी मी आण्णांना सांगितलं. ते लगेच मला पुढं घेऊन गेले, पाय मशिनखाली ठेवला, एकदा सरळ आणि एकदा तिरपा असे दोन फोटो काढले. डॉक्टरांनीही बघितले. आण्णांनी फोटो खिडकीशी धरला, चष्मा कपाळावर सरकवला, नाक लावून प्रत्येक हाड बघितलं. दुसऱ्या कुणाचा फोटो त्यांनी इतका वेळ बघितला नसेल. मग हसून म्हणाले, “काय न्हाई फोटोत. एकदम साफ.” त्यांना खरंच आनंद झाला होता. लेकीचं हाड शाबूत आहे म्हणून कोणत्या बापाला होणार नाही? मला मात्र रडू आलं आणि ते का आलं हे मलाच कळेना.

घरी मायनं तेल कोमट करून पाय चोळला. शेजारणीनं वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायला दिली. चोळताना मी ओरडले तर माय म्हणाली, “थोडं सोस की. गाठ बसल्याली मोकळी व्हायलीय.” दुसऱ्या दिवशी सूज वाढली. मैदानावर मी कडेला बसले तेव्हा नागरगोजे सर आले.

“काय झालं शकुंतला?”

“पाय लई दुखायलाय सर.”

“फोटो काढला म्हणं?”

“काढला.”

“मग?”

“फोटोत काही न्हाई.”

“तुझ्या बापानंच काढलाय ना? आण्णांचा फोटो आजपर्यंत कधी चुकला न्हाई.” सर खाली वाकले, आवाज उतरवून म्हणाले, “बीडचं भ्या वाटायलंय का? तसं असंल तर आत्ताच सांग. मी दुसरी पोरगी घेतो.”

मी उठले आणि पळायला लागले. त्या दिवसानंतर पायाबद्दल मी कुणाला काही बोलले नाही. घरी लंगडू नये म्हणून दारातून आत येताना दात आवळून पाऊल सरळ टाकायची. कपड्याची पट्टी घट्ट बांधून बूट घालायची. खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागली होती. डॉक्टर बघतात, वडील बघतात, कुणालाच काही दिसत नाही, म्हणजे आपणच नाजूक असू. मला माझ्या दुखण्याची लाज वाटत होती. दुखण्यापेक्षा ती वाईट.

दसऱ्यानंतर बीडला सामने झाले. आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. दुसऱ्या डावात आमची पळती होती, वेळ थोडाच उरला होता आणि आमच्या शेवटच्या तुकडीत मी. तुकडीतल्या बाकीच्या दोघी लवकर बाद झाल्या. मी एकटी उरले. खाली बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत जायचं, आणि मागची जवळ आली की डाव्या पायावर गर्रकन वळून उलटं निघायचं, हे माझं हुकमी वळण. दोनदा वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा पायात काहीतरी तुटल्याचं मला आतून जाणवलं. आवाज बाहेर कुणाला आला नाही, मला आला. मी पडले नाही; कशी कोण जाणे, उजव्या पायावर चार उड्या मारत खुंटापर्यंत गेले. तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो. मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या, नाचायला लागल्या आणि मी ओरडत होते ते आनंदानंच, असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळानं विभागाच्या सामन्यांसाठी नावं वाचली. माझं नाव पहिलं होतं. मी तेव्हा झाडाखाली पाय लांब करून बसले होते आणि बूट काढायचा माझा धीर होत नव्हता.

परळीला जीपमधून उतरवून सरांनीच मला उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी परत फोटो काढला. या वेळी मला डॉक्टरांच्या खोलीत न बसवता ते मला आपल्याबरोबर अंधारखोलीत घेऊन गेले. मी स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर. लाल दिवा. चिमट्याला लावलेली फिल्म ते पाण्यात खाली-वर करत होते. असल्या वेळी ते गुणगुणायचे, त्या दिवशी गप्प होते. हळूहळू बोटांची हाडं उमटायला लागली. आण्णांनी फिल्म उचलली, दिव्याजवळ नेली आणि तिथंच थांबले. पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांनी हात हलवला नाही.

मला वाटलं, परत काही दिसत नाही. मी म्हणाले, “आण्णा, खरंच दुखतंय हो.”

“हाय,” ते म्हणाले. “मोडलंय. आरपार.”

 मग ते मला फिल्म दाखवायला खाली वाकले. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडात आडवी रेघ होती. आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी हाडाभोवती धुरकट, कापसासारखं काहीतरी. आण्णांनी त्या कापसावर बोट ठेवलं. “ही रेघ कालची असंल. पण हे बघ, हे नवं हाड हाय. मोडकं हाड सांधायला अंग स्वतःच हे भरतं. हे एका रात्रीत येत न्हाई शकू. दोन-तीन आठवडे लागतेत.” एवढं बोलून त्यांनी फिल्म हायपोत टाकली. माझ्याकडं पाठ करून बराच वेळ हात धूत राहिले. “म्हंजे तवापासून होतं,” ते नळाकडं बघतच म्हणाले. “तू सांगत होतीस तवापासून.”

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडं बाप लेकीची माफी मागत नसत. पण त्या दुपारी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून, मला आणि मायला घेऊन एसटीनं अंबाजोगाईला निघाले. तिथं हाडांचे एक डॉक्टर होते, फौजेत नोकरी करून आलेले. लोक त्यांना कर्नल डॉक्टर म्हणायचे. पांढऱ्या मिशा, हाफ शर्ट, बोलणं तुटक. त्यांनी आधी फोटो बघितलाच नाही. माझा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, “पडलीस?” नाही. “किती दिवस दुखतंय?” महिना. “सराव वाढवला होता?” दुप्पट. मग अंगठ्यानं एकेक हाड दाबत गेले. त्या जागेवर आले तसा माझा श्वास अडकला. “बस,” ते म्हणाले. “फौजेत भरती झालेल्या पोरांना पहिल्या दोन महिन्यांत हेच होतं. घरी कधी चालले नसतात इतकं आम्ही त्यांना चालवतो. हाड एका दणक्यानं मोडत नाही, रोज थोडं थोडं खचतं. भरून यायला त्याला वेळ मिळाला तर भरतं, नाही मिळाला तर असं होतं.”

आण्णांनी पहिला फोटोही बरोबर आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. “साहेब, हा आठ दिवसांनंतरचा. यात मला काही दिसलं न्हाई. बारीक काही असंल तर मला दाखवा. माझी चूक कुठं झाली ते कळू द्या.” त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. कर्नल डॉक्टरांनी तो फोटो उजेडात धरून नीट बघितला, मग दुसरा बघितला. “तुमचा फोटो चांगला आहे,” ते म्हणाले. “यात मलाही काही दिसत नाही. या दुखण्याचा फोटो पहिले दोन-तीन आठवडे साफच येतो. फोटो खोटं बोलला नाही, तुम्ही त्याला लवकर विचारलं. अशा वेळी फोटोपेक्षा पेशंटचं बोट बघायचं. ती एकाच जागी बोट ठेवते का? ठेवत असेल तर मोडलं आहे असं धरून चालायचं, पळणं बंद, आणि तीन आठवड्यांनी परत फोटो.” आण्णा मान हलवत ऐकत होते, जसं शाळेतलं पोर ऐकतं तसं.

मग डॉक्टरांनी आण्णांना बाहेर बसायला सांगितलं आणि मायकडं वळले. “हिचं खाणंपिणं कसं आहे?” मायनं सांगितलं. अर्धी भाकरी, सोमवार. “पाळी?” मी खाली बघितलं. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, “तीन महिनं झाले साहेब. आली न्हाई.” मी चमकून तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. डॉक्टर म्हणाले, “पोटात अन्न नाही आणि श्रम दुप्पट, मग शरीर पहिल्यांदा हेच बंद करतं. त्याच्या मागोमाग हाडं कच्ची होतात. हिला पोटभर खाऊ घाला. उपास बंद.” माय खुर्चीत मागं टेकली आणि रडायला लागली. बाहेर आल्यावर, आण्णा गोळ्या आणायला गेले तेव्हा, तिनं मला जवळ ओढलं. “मी मनात लई भलतंसलतं आणलं होतं गं. रोज तुझ्या पोटाकडं बघायचे. विचारायची छाती झाली न्हाई.” मी पंधराव्या वर्षी जे समजायला हवं होतं ते समजले आणि माझे कान तापले. राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं तीन महिने ती भीती एकटीनं बाळगली होती, आणि माझं दुखणं मी एकटीनं. दोघी एकाच चुलीशी बसून.

गुडघ्याखाली चार आठवडे प्लॅस्टर. दिवाळी त्यातच गेली. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की तळवा वाकणार नाही असं कडक पायताण पाहिजे. आण्णांनी स्टेशनाबाहेरच्या चांभारमामांना समजावून टायरचे दोन थर आणि मध्ये लोखंडी पट्टी घालून चप्पल शिवून घेतली. ती इतकी जड होती की मी चालले की पुढच्या खोलीतले पेशंट दाराकडं बघायचे. पण पाय दुखत नव्हता. रोज पेलाभर दूध, तिळाची चटणी, भिजवलेले शेंगदाणे, आणि पूर्ण भाकरी, तीही मायनं समोर बसून खाऊ घातलेली. माझे सोळांपैकी पाच सोमवार राहिले होते. व्रत अर्धवट सोडायची मला धास्ती वाटत होती. माय म्हणाली, “ऱ्हायलेले मी करते. देवाला काय, घरातलं कुणीतरी उपाशी ऱ्हायलं म्हंजे झालं.” तिनं ते केले. पौषात माझी पाळी आली तेव्हा एरवी बाजूला बसवताना कुरकुरणाऱ्या मायनं शिरा केला, आणि आण्णांनी कशाचा शिरा म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुमाला काय करायचंय? गप खावा.”

विभागाच्या सामन्याला संघ माझ्याशिवाय गेला आणि पहिल्याच फेरीत हरून आला. नागरगोजे सर त्यानंतर दोन दिवसांनी सीताफळांची पिशवी घेऊन घरी आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. जाताना आण्णांना म्हणाले, “पोरीला नको ते बोललो मी. तुमच्या फोटोचं नाव घेऊन बोललो.” आण्णा म्हणाले, “फोटो माझा होता सर. तुमचं एकट्याचं न्हाई ते.” दोघांनी दाराशी उभं राहून एकेक विडी ओढली आणि विषय संपला.

गेल्या वर्षीची गोष्ट इथं सांगते. बीडला आमच्या घरामागच्या रस्त्यावर पोलीस भरतीच्या मुली पहाटे डांबरावरून पळतात. त्यांतली आरती नावाची मुलगी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि मोबाईलवर दुखऱ्या पायाचा एक्स-रे दाखवला. “नॉर्मल हाय मॅडम. सगळे म्हणतेत पळ. ग्राउंड पंधरा दिवसांवर आलंय.” मी तिला बोट ठेवायला सांगितलं. तिनं एकाच जागी ठेवलं, दोन्ही वेळा. मी तिच्या वडिलांना फोन लावला. आता एमआरआय होतो, तीन आठवडे वाट बघावी लागत नाही, त्यात दिसलं. ती म्हणाली, “मग माझी भरती?” मी तिला खोटा धीर दिला नाही. ही भरती जाईल, म्हणाले. पळालीस तर पुढचीही जाईल. ती उठून गेली, माझ्याशी महिनाभर बोलली नाही. हाड भरून आल्यावर आली, काठावर बसून विचारलं, “आता किती पळू?” आधी नुसतं चाल, म्हणाले. मग मातीवर चाल, मग एक मिनिट पळ आणि दोन मिनिटं चाल. आठवड्याला थोडं थोडं. दुखलं की त्या दिवशी बंद. मला ज्यांनी हे शिकवलं ते कर्नल डॉक्टर कधीच गेले.

त्या वर्षी माझंही तसंच चाललं होतं. संक्रांतीनंतर मी शेताच्या मऊ मातीत हळूहळू पळायला लागले होते. महाशिवरात्रीला आमच्या गावात जत्रा भरते, तेव्हा खो-खोचे सामने असायचे. गावासमोर खेळायचं, त्याचं अप्रूप वेगळंच. जत्रेला पंधरा दिवस असताना सर घरी आले. आण्णांनी त्याच सकाळी माझा तिसरा फोटो काढला होता. तो अजून ओला होता आणि ते दारात उभं राहून बघत होते. रेघ नव्हती. हाडाभोवती घट्ट, पांढरी गाठ, जिथं मोडलं होतं तिथंच हाड सगळ्यात जाड. सरांनीही वाकून बघितलं.

“झकास की हो आण्णा,” ते म्हणाले. “साफ भरलंय. मग घेऊ का शकुंतलाला?”

“फोटो चांगला हाय,” आण्णा म्हणाले.

“म्हंजे घेऊ?”

“मला कावून विचारता सर? तिला विचारा.”

दोघं माझ्याकडं वळले. मी चुलीपाशी बसले होते, माय भाकरी परतत होती. मला खेळायचं होतं. इतकं दुसरं काहीच नको होतं. आणि फोटो साफ होता. मी नुसती मान हलवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं.

“चालताना न्हाई दुखत,” मी म्हणाले. “सरळ पळतानाबी न्हाई. वळताना दुखतंय. थोडंसं.”

 आण्णा आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले. “कुठं?”

मी बोट ठेवलं. त्यांनी तपकिरी नखाचं आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं, हलकं दाबलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात काढून घेतला.

“मग जत्रा ऱ्हाऊ द्या सर,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

“ऱ्हाऊ द्या,” सर म्हणाले.

मायनं भाकरी ताटात टाकली आणि सरांनाही जेवायला बसवलं.